काळे फेटे, केशरी फेटे

मालिकावाल्यांना माझा नंबर कुणी दिला हे मला आजही माहीत नाही. पाटसला कारखान्याचा सीझन सुरू झाला की मी कामगारांना डबे पुरवते. शूटिंगला जेवण लागणार म्हटल्यावर कुणीतरी माझं नाव सांगितलं असणार. मी जेवणाचं बोलायला गेले आणि माणसं पुरवायचंही काम घेऊन आले. माझं सासर खुटबाव, माहेर कवठे येमाई. एक गाव दौंड तालुक्यात, दुसरं शिरूरमध्ये. दोन्हीकडे मी कुणाच्या ना कुणाच्या नात्यात लागते. त्यांना लढाईसाठी गर्दी हवी होती. गर्दीला ते मॉब म्हणत.

मालिका ऐतिहासिक होती. एकाच घराण्याच्या दोन पात्यांमधली, म्हणजे शाखांमधली, यादवी. थोरली पाती गादीची खरी वारस, धाकटी पाती बंडखोर, आणि शेवटची लढाई आमच्या नदीकाठी. अशी काहीतरी लढाई इकडे झाली होती असं जुने लोक सांगतात. नक्की कुठे, असं विचारलं तर प्रत्येक जण आपलंच शेत दाखवतो.

पहिल्या दिवशी सकाळी दोन्ही गावांची माणसं टेम्पोतून माळावर उतरली आणि कपड्यांच्या तंबूसमोर ओळीने उभी राहिली. तंबूच्या तोंडाशी एक असिस्टंट मुलगी खुर्ची टाकून बसली होती. पुण्याची, वयाने माझ्या मुलीएवढी, डोक्याला रुमाल, कमरेला वॉकी-टॉकी. ती समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायची आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे बोट करायची. उजवीकडे केशरी फेटे, डावीकडे काळे. मी चहाचं पातेलं उतरवत होते, तिथून मला सगळी ओळ दिसत होती. हळूहळू लक्षात आलं. उजळ, भरलेल्या अंगाचे, कपड्याला इस्त्री असलेले केशरीत चालले होते. सावळे, रापलेले, गालफडं बसलेले काळ्यात. म्हणजे सोसायटी, बाजार समिती आणि ग्रामपंचायत उजव्या हाताला गेली. धनगरवस्ती आणि रोजंदारीवाले डाव्या. त्या मुलीला आमच्या गावातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त रंग बघितला. गावाला जी वाटणी करायला कित्येक पिढ्या लागल्या ती तिने चहाला उकळी फुटायच्या आत करून टाकली.

मी तिला विचारलं, असं का म्हणून. ती म्हणाली, लोक आता मोबाईलवर बघतात, पडदा तळहाताएवढा असतो, कोण कुणाला मारतंय ते एका नजरेत कळलं पाहिजे. तिचं अगदीच चूक नव्हतं. मी म्हटलं, भाऊबंदांची लढाई आहे, दोन्हीकडची माणसं सारखीच दिसणार.

"काकू, सारखी दिसली तर बघणारा दुसरं काहीतरी लावतो," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला डावीकडे पाठवलं.

कुणी तक्रार केली नाही. जेवण दोन्ही फौजांना एकच होतं. जेवायला माणसं फेट्याप्रमाणे बसली नाहीत, गावाप्रमाणे बसली. कवठ्याचे एका झाडाखाली, खुटबावचे दुसऱ्या. ज्यांचं आपसात बोलणं बंद होतं ते फेटा एकच असूनही एकमेकांकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच वरून निरोप आला. मालिकेच्या जाहिरातीत म्हणे अठरापगड जाती खांद्याला खांदा लावून लढल्या असं येणार होतं, आणि कालच्या चित्रीकरणात थोरल्या पातीची फौज बघितली तर सगळी एका घरची वाटत होती. तेव्हा केशरी फेट्यांत जरा सगळे दिसले पाहिजेत. ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, मला एक मुसलमान, एक कोळी आणि एक धनगर पाहिजे. आणि ते तसे आहेत हे कळायला हवं." मी रोज डब्यांची ऑर्डर घेते, ती याच सुरात येते.

मुसलमान म्हणून दौंडहून रेल्वेतले एक निवृत्त गार्ड आले. त्यांच्या डोळ्यांत सुरमा घातला. जन्मात कधी घातला नव्हता, त्यामुळे दिवसभर डोळे पुसत राहिले आणि प्रत्येक शॉटमध्ये लढाईचं दुःख झाल्यासारखे दिसले. कोळी म्हणून ज्याला घेतला त्याला खांद्यावर जाळं दिलं. धनगर मात्र त्यांनी मुंबईहूनच आणला. व्यायामशाळेत घडवलेला, दंड फुगलेले, एक वाक्यही दिलं होतं. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. लढाईत तलवार काढायची म्हणजे घोंगडी घसरायची, म्हणून ती शेवटी पिनांनी अंगरख्याला अडकवली. आमच्या वस्तीवरचे खरे धनगर समोरच्या काळ्या फौजेत उभे राहून हे बघत होते.

त्यांच्यात आप्पा होते. आप्पा आमच्या शेताच्या शेजारचे, साठी उलटलेले. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांनी स्वतः मेंढरू राखलेलं नाही. त्यांचा ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, आणि टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे. पण माणसाकडे बघितलं की आधी दिसायची ती मिशी. पांढरी, दाट, गालावरून कानाकडे निघालेली. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने ती बघितली आणि आप्पांना ओळीतून पुढे काढून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. समोर गाव जळतंय असं समजा आणि ते बघून हसा, असं सांगितलं. आप्पांनी डोळे बारीक केले, मिशीवरून हात फिरवला आणि असे हसले की कपड्यांच्या तंबूतली माणसंही काम थांबवून बघायला लागली. एका फटक्यात शॉट झाला. आप्पा त्या दिवशी उड्या मारतच घरी गेले.

कुठली फौज कुणाची हे काळ्या फेट्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पळा म्हटलं की पळायचं, ओरडा म्हटलं की ओरडायचं. ते कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या दिरांमुळे. दीर सोसायटीत संचालक आहेत आणि अर्थातच केशरी फेट्यात होते. जेवणाच्या ओळीत आप्पांच्या मागे उभे राहून म्हणाले, "काय आप्पा, काल गाव तुम्हीच पेटवलं म्हनं?"

आप्पा म्हणाले, "म्या कशाला पेटवू? पेटल्यालं बघत हुतो."

"बघून हासला न्हवं? धाकटी पाती दुसरं काय करणार."

आप्पांनी आपल्या डोक्यावरच्या फेट्याला हात लावला. मग ताट तसंच टेबलावर ठेवून ते माझ्या चुलीपाशी आले.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. त्यांचा कुणी एक पूर्वज थोरल्या पातीच्या डेऱ्याची राखण करताना याच काठावर पडला. त्यांच्या उसाच्या आणि आमच्या शेताच्या बांधावर एक वीरगळ आहे. दगड झिजलेला, तलवार धरलेला माणूस ओळखू येतो, बाकी काही नाही. आप्पांच्या घरातले लोक अमावस्येला त्याला तेल-शेंदूर लावतात. अडचण एवढीच की आमच्या घरातलेही दसऱ्याला त्याच दगडाला नारळ फोडतात, कारण आमच्या घरात हाच माणूस आमचा पूर्वज आहे, आणि तोही थोरल्या पातीकडूनच लढलेला. दगडावर अक्षर नाही. लग्न करून मी या घरात आले तेव्हापासून दोन्ही बाजू ऐकत आले. माझ्या माहेरीही असाच एक दगड आहे. दोन तालुक्यांत मला आजवर एकही घर भेटलेलं नाही जे म्हणेल, आमचा माणूस धाकट्या पातीकडून लढला. मग थोरल्या पातीने लढाई केली कुणाशी, हा प्रश्न मी एकदा जेवताना विचारला होता. सासऱ्यांनी भाकरी मागितली.

आप्पा म्हणाले, "सूनबाई, मला तिकडं उभा करा."

मी म्हटलं, "आप्पा, नाटकच आहे सगळं. कोण बघतंय कोण कुठे आहे ते."

"नाटकच हाय तर मग केशरी द्या की."

ते पुढे म्हणाले, आई अजून जिवंत आहे, हे सगळं टीव्हीवर दिसणार, आणि जिने लहानपणापासून त्या दगडाची गोष्ट सांगितली तिला मी थोरल्या पातीचं गाव जाळताना दिसू का. आणि मग मुंबईच्या पोराकडे बोट केलं. "आमचा मानूस तिकडं पायजे म्हून ह्ये पोरगं मुंबईस्नं आणलं. आन् आम्ही हिकडं. ह्ये कुणाचं डोस्कं?"

दीर मागोमाग आलेच होते. ते म्हणाले, "आप्पा, सगळी वस्ती केशरीत आली तर तिकडं लढायचं कुणी?"

"तुमी जावा की," आप्पा म्हणाले. "तुमच्यात भाऊबंदकी कमी हाय व्हय?"

आसपासचे लोक हसले. दिरांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा विहिरीवरून कोर्टात दावा चालू आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. दीरही हसले, जरा उशिराने.

मी त्या मुलीकडे गेले. तिने ऐकून घेतलं, उर्मट नव्हती. पण म्हणाली, होणार नाही. आप्पांचा चेहरा काल जवळून घेतलाय. तोच चेहरा दुसऱ्या फौजेत दिसला तर लोक दोन्ही फोटो शेजारी लावून जगभर फिरवतील. बाजूला मेकअपवाला कुणाच्या तरी कपाळावर जखम काढत होता. तो मान वर न करता म्हणाला, मिशी उतरवली तर कोण ओळखतंय. मुलगी म्हणाली, मिशी काढणार असतील तर गर्दीत उभं राहायला हरकत नाही, आजच शेवटची लढाई आहे.

मी परत येऊन आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. विषय संपला असंच मला वाटलं. आमच्याकडे माणूस मिशी काढतो ते आई किंवा बाप गेल्यावर, आणि तेव्हा डोक्यावर फेटा नसतो. हौस म्हणून मिशी काढणारी पोरं आता आहेत, पण आप्पांच्या वयाच्या माणसाचा ओठ कोरा दिसला की समोरचा आधी विचारतो, कधी झालं. आणि आप्पांची आई घरात धडधाकट होती.

आप्पा बाभळीखाली बसले. चहा प्यायले. समोर माळावर दोन्ही फौजांची माणसं जमिनीवर पडून झोपली होती. मग त्यांनी मला विचारलं, "डोस्क्यावर फेटा तर ऱ्हातोय न्हवं?" मी हो म्हटलं. ते उठले आणि मेकअपच्या गाडीत चढले.

खाली उतरले तेव्हा मीही पटकन ओळखलं नाही. चेहरा लहान झाला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऊन न बघितलेली वरच्या ओठाची पट्टी लख्ख गोरी होती, आणि तेवढी पट्टी मेकअपवाल्याने काळपट रंग लावून बाकीच्या चेहऱ्याला जुळवून घेतली. डोक्यावर केशरी फेटा.

दुपार कलल्यावर लढाई झाली. आप्पांना डेऱ्यापाशी पडायचं होतं. मारणारा काळ्या फेट्यातला त्यांचाच पुतण्या होता. चित्रीकरण पुन्हा पुन्हा करावं लागलं, कारण मागच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जात होत्या. प्रत्येक वेळी आप्पा मन लावून पडले, आणि प्रत्येक वेळी पुतण्याने तलवार खाली टाकून त्यांना हात देऊन उठवलं. शेवटी दिग्दर्शकाने ओरडून सांगितलं की मेलेल्याला उठवू नका. संध्याकाळी फेटे परत घेतले. मालिकावाले सामान बांधून गेले, मी पातेली घासून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यांचं काम पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी आप्पांच्या घराकडून रडणं ऐकू आलं. आमच्याकडे दुखवट्याला भेटायला येणाऱ्या बाया लांबूनच रडायला सुरुवात करतात, त्यामुळे मीही हातातलं काम टाकून गेले. आप्पांची चुलत बहीण शिरूरकडून आली होती. कुणीतरी आप्पांना बाजारात बघितलं, कोरा ओठ बघितला आणि तिकडे निरोप पोचवला. ती बिचारी गाडीतून उतरली ती तोंडावर पदर घेऊन, माझी मावली गेली, मावली गेली, असं करत बोळातून येत होती. दारात आप्पांची म्हातारी आई पाय पसरून शेंगा सोलत बसली होती.

तिने मान वर करून विचारलं, "कोण गेलं गं?"

बहीण थांबली. पदर खाली आला. तिने एकदा म्हातारीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हातारीच्या शेजारी बसून मुकाट्याने शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळाने आणखी दोन गाड्या आल्या. सगळ्यांना चहा करावा लागला.

तोपर्यंत म्हातारीला मिशीबद्दल पत्ता नव्हता. आप्पा घरात उपरणं तोंडाला गुंडाळून फिरत होते, दाढ दुखते म्हणून सांगत होते. आता सगळ्यांसमोर उपरणं काढावं लागलं. म्हातारीने बघितलं. आवाज चढवला नाही.

"मी हाय न्हवं अजून," ती म्हणाली. "का घाई झालीया?"

आप्पांनी सांगायचा प्रयत्न केला. थोरली पाती, केशरी फेटा, डेऱ्याची राखण, तूच तर सांगितलंस. ते बोलत असताना माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं की हा माणूस खरं सांगतोय आणि ते कुणालाच पटण्यासारखं नाही. म्हातारी शेवटी म्हणाली, "बघू दे मला टीव्हीत. मग बोलू." आणि खरंच बोलणं थांबवलं. आप्पांनी ताट वाढलं तर घेत नसे. काही सांगायचं झालं तर सुनेला सांगायची, त्याला म्हणावं मोटार बंद कर. आप्पा तिच्यासमोर बसलेले असायचे आणि सून मधे उभी राहून तेच वाक्य पुन्हा म्हणायची.

मिशी पुन्हा आली, आधीएवढी नाही. कारखान्याचा सीझन संपला. आप्पा आठवड्यातून एकदा तरी मला विचारत, कवा दाखवणार हायेत. मी त्या मुलीला मेसेज करायचे, ती अंगठा पाठवायची.

शेवटी एकदा तारीख कळली. त्या संध्याकाळी मी आप्पांच्या घरी गेले. अर्धी फौज मी पुरवली होती, मलाही बघायचं होतं. खोली भरलेली होती. म्हातारी खाली, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचंही दिसतं, पण तिची सवय तशी. आप्पा तिच्या मागे पलंगावर, गुडघ्यांवर हात ठेवून. मुंबईच्या पोराचं घोंगडीसकट वाक्य झालं, सगळे हसले. गार्डसाहेब डोळे पुसताना दिसले. मग लढाई आली. धूळ, घोडे, ओरडणं. आप्पांच्या नातीने मोबाईलवर आधीच बघून ठेवलं होतं, तिने "आता, आता" म्हणून बोट दाखवलं. डेऱ्यापाशी एक केशरी फेटा खाली गेला. वर एका घोड्याचं पोट आलं. तेवढंच. तो आप्पांचा फेटा होता की दुसऱ्या कुणाचा, हे मलाही शपथेवर सांगता येणार नाही.

आप्पा म्हणाले, "आई, त्यो मी."

म्हातारी म्हणाली, "कंचा?"

नातीने मागे नेऊन पुन्हा दाखवलं. म्हातारीला पुन्हा दिसलं नाही. मालिका पुढे सरकली. राणी रडली, कुणी शपथ घेतली. मग एकदम पडदाभर ज्वाळा, आणि ज्वाळांतून काळा फेटा, बारीक झालेले डोळे, आणि ती अख्खी मिशी. तिच्यावरून हात फिरला. आप्पा गाव जळताना बघून हसले. शॉट कितीतरी वेळ चालला. त्यांनी तो लढाईच्या आधीच्या प्रसंगातून काढून इथे लावला होता, राणीला आठवतंय म्हणून.

म्हातारी पुढे सरकली. तिने हात पडद्याला लावला.

"ह्यो बघ," ती म्हणाली. "त्येचा बाप आसाच हासायचा."

वस्तीवरच्या सगळ्यांना माहीत होतं काळा फेटा कुणाचा. आप्पा पलंगावरून उतरले, आईच्या शेजारी खाली बसले. कितीतरी महिन्यांनी ती थेट त्यांच्याकडे बघत होती. ते हळू म्हणाले, "आई, ती धाकटी पाती हाय. चोरांची बाजू."

"आसंल," म्हातारी म्हणाली. "मिशी तर हाय."

मग तिने सुनेला सांगितलं की पोराला ताट वाढ, आणि नातीला म्हणाली ते हसणं परत लाव. नातीने लावलं. आप्पा जेवत होते आणि समोर त्यांचं गाव पुन्हा जळत होतं. दुसऱ्या दिवशी डबे होते, मी निघाले.